बांधावर आलेले साहेब

“बोलायचं ते दोघांसमोर,” असं म्हणून साहेब तळहात पुढे करायचे, चौकातला हवालदार गाडी अडवतो तसा. समोरचा नुसता नमस्कार करायला आला असला तरी.

धुळ्याच्या या निवृत्त मोजणीदारांना मीच शोधून काढलं होतं. पारोळ्याजवळ आमचं शेत, शेजारी नानांचं, आणि मधला बांध म्हणजे दरवर्षीचं भांडण. माझे वडील आबा म्हणायचे, नाना आमच्यात नांगर घालतात. नाना आबांबद्दल तेच म्हणायचे. पेरणीआधी हद्द ठरवून टाकू म्हणून मी जळगावहून साहेबांना फोन केला. शेताचा रस्ता सांगू लागलो, तर म्हणाले, “थांबा, नानांनाही फोनवर घ्या.” पाटाच्या डावीकडून यायचं की उजवीकडून, एवढं सांगायला फोनवर तिघं!

गाडी पाठवतो म्हटलं, तरी आले एसटीनेच. मे महिन्याच्या उन्हात फाट्यापासून चालत, खांद्यावर यंत्र. पाण्याची बाटली स्वतःची, डबा स्वतःचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. माणूस इतका सावध दिसला की आपल्याला त्याचाच संशय येऊ लागतो. आबा माझ्या कानाशी लागले, “हाऊ नानाना सासरवाडीना माणूस दिखस.” पलीकडे नाना सगळं मोबाइलवर टिपत होते, कारण साहेबांना आणलं होतं मी.

साहेबांनी तीन कोपऱ्यांचे जुने दगड शोधले, यंत्र लावलं, चुन्याची रेघ ओढली. रेघ आमच्या रानात अडीच पावलं आत आली.

“असं कसं?” आबा ओरडले. “हाऊ बांध मन्हा बापना शे!”

“चौथा दगड मिळाला असता तर बरं झालं असतं,” एवढंच म्हणून साहेब हात धुवायला आमच्या विहिरीवर गेले. तिथे आई ज्या दगडावर कपडे धुते, त्याच्याकडे बघत राहिले. मग वाकून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. साबणाच्या थराखाली छिन्नीने कोरलेला बाण होता. हद्दीच्या दगडावर असते ती सरकारी खूण.

“आबा, नाना, दोघं इकडे या.” त्यांनी बाण दाखवला. दगड इथे कसा आला, हे विचारलं नाही. नानांचा मोबाइल आपोआप खाली आला. आबा विहिरीत डोकावत राहिले.

माझं मात्र डोकं फिरलं होतं. साहेबांना फाट्यावर गाठून मी विचारलं, “खरं सांगा, नानांनी तुम्हाला काय दिलं?”

ते रागावले नाहीत. खाली ठेवलेलं यंत्र पुन्हा खांद्यावर घेतलं. “चला. हे नानांसमोर विचारा.” आणि एसटी समोर दिसत असताना खरोखर शेताकडे चालू लागले. मी आडवा आलो, हात जोडले, तेव्हा थांबले. तोवर एसटी गेली.

आम्ही बाभळीखाली बसलो. ते म्हणाले, “दगड कोणी हलवला ते घरी विचारा. मलाही विचारता आलं असतं. पण म्हाताऱ्या माणसाला लोकांदेखत काय विचारायचं?” मग डबा उघडून त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. दिवसभर आमच्या पाण्याचा घोटही न घेतलेल्या माणसाची ती भाकरी मी मान खाली घालून खाल्ली.

घरी आबांना विचारलं. ते पानाचे देठ खुडू लागले. “मन्हा बापनी आनेल व्हता,” ते म्हणाले. “माले माहीत व्हतं.”

पुढे सरकारी मोजणीतही तीच रेघ आली. आबांनी स्वतः जाऊन जागा सोडली. नाना अजून आमच्याकडे चहा घेत नाहीत, पण पाण्याची पाळी आली की फोन करतात.

गेल्या दिवाळीनंतर धुळ्याला काम निघालं, तेव्हा साहेबांच्या घरी गेलो. दाराच्या जाळीआड त्यांच्या पत्नी आल्या.

“मोजणीसाठी आलात का? ते श्रावणात गेले.”

मी हात जोडले. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“तुमचं शेत मोजलं होतं का त्यांनी? मग जागा मिळाली होती की गेली होती?”

“गेली होती, काकू.”

“जागा मिळालेल्यांना ते कधी घरात घेत नसत,” म्हणत त्यांनी जाळीची कडी काढली आणि खुर्ची पुढे केली.