परळच्या तिसऱ्या मजल्यावरची शेतं

आमचं ऑफिस परळला, एका बंद गिरणीच्या आवारात, तिसऱ्या मजल्यावर. काम काय, तर शेतीचा डेटा सांभाळणं. कुठे जमिनीत सेन्सर पुरलेले असतात, कुठे माणसं मोबाइलवर नोंदी भरतात, वरून उपग्रहाचे फोटो येतात. ते सगळं आम्ही तपासतो, मग शेतकऱ्याला मेसेज जातो: आज पाणी द्या, आज देऊ नका. गिरगावातले माझे मित्र विचारतात, "नित्या, तू स्वतः शेवटचं शेत कधी पाहिलंस रे?" बरोबर आहे त्यांचं. पण शेत एवढं लांब, म्हणून आकडा विचित्र आला की फोन करावाच लागतो, आणि फोनवर माणसं नुसत्या आकड्यापाशी थांबत नाहीत. असे किस्से जमत गेले.

आम्ही तिघं. मी, वरळी कोळीवाड्याची हर्षदा आणि आमच्या प्रमुख कांबळे मॅडम. मॅडम नायगावच्या चाळीत वाढल्या, वडील गिरणीत होते. त्यांचा आवाज कधी चढत नाही. म्हणून जास्त धाक वाटतो.

*

एका कांद्याच्या शेतात रोज दुपारी एक वाजता जमिनीतला ओलावा एकदम वर जायचा. "सेन्सर बाद," मी म्हटलं आणि नवा पाठवला. नवाही तेच दाखवायला लागला! तिसरा पॅक करत होतो, तेवढ्यात हर्षदाने शेतातल्या काकूंनाच फोन लावला.

"काकू, दुपारी एकला तिथे काय असतं?"

"जेवतो की आम्ही."

"आणि हात कुठे धुता?"

"तुमच्या खांबापाशी! अख्ख्या रानात सावली तेवढीच आहे, तुमच्या त्या काचेची."

काच म्हणजे सेन्सरच्या खांबावरचं सोलर पॅनल. आम्ही आठवडाभर त्यांना 'पाणी देऊ नका' म्हणून कळवत होतो. मी घाबरून विचारलं, "मग कांदा?"

"कांदा चांगलाय. मेसेज येतो, पण रान सुकलेलं दिसतं ना डोळ्याला. दिलं पाणी."

*

सगळेच काकूंसारखे नसतात. पुरंदरकडचे एक गुरुजी होते, निवृत्त शिक्षक. फ्लॉवर लावला होता. आमच्या ॲपवर त्यांचा पूर्ण विश्वास. त्यांच्या सेन्सरची बॅटरी संपली आणि शेवटचा चांगला आकडा तसाच स्क्रीनवर राहिला. आठ दिवस हिरवा रंग. आठ दिवस त्यांनी पाणी दिलं नाही.

गुरुजी स्वतः परळला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. भांडायला आलेत असं वाटत नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक रोप काढलं, मुळासकट. पानं कागदासारखी वाजत होती. ते रोप माझ्या स्क्रीनशेजारी ठेवलं. स्क्रीनवर त्यांचंच शेत, हिरवंगार.

"यातलं हिरवं कुठलं," ते म्हणाले, "एवढं मला शिकवा."

तो प्रोग्रॅम मी लिहिला होता. मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची आहे, गुरुजी." गुरुजींनी मान हलवली, ते पाणी प्यायले आणि गेले. रोप टेबलावरच राहिलं.

आता आकडा सहा तास हलला नाही, तर स्क्रीन राखाडी होतो. गुरुजींनी पुढच्या हंगामात सेन्सर लावला नाही. मी विचारलंही नाही.

*

पूर्वी आम्ही शेतांना नंबर द्यायचो. प्लॉट एक, प्लॉट दोन. एका शेतकऱ्याने उलट्या बाजूने मोजलं आणि महिनाभर भलत्याच तुकड्याला पाणी दिलं. हर्षदा चिडली. "आमच्या होडीला कोणी तीन नंबर म्हणत नाही. नाव असतं. यांनाही असणार की!"

तिने एकेकाला फोन करून नावं लिहून घेतली. विहिरीवरचं, बांधावरचं, आंब्याखालचं. एक बाई होत्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, शेत एकट्या बघायच्या. त्यांनाही हर्षदाने शेताचं नाव विचारलं.

"ताई, कागदावर जे असेल ते चालेल," हर्षदा म्हणाली.

"कागदावर दीर आहेत." मग म्हणाल्या, "तुमच्यात मी सांगेन ते लिहिता येतं?"

"हो."

"मग लिहा, 'माझं'."

आजही त्यांना मेसेज जातो: 'माझं' या शेताला आज पाणी द्या.

*

उपग्रहाच्या फोटोवर बोटाने रेघ ओढून शेताची हद्द आखायची, हे माझं काम. सांगोल्याकडे डाळिंबाच्या एका बागेत मधला बांध मला दिसलाच नाही. दोन भावांची शेतं मी एकच करून टाकली. एकाने मोटर चालू केली की मेसेज दोघांना!

थोरल्याचा फोन आला. आवाजात राग. "त्याची मोटर चालू झाली, हे मला कशाला कळवता? आमचं बारा वर्षं बोलणं नाही."

मी माफी मागितली आणि मधे रेघ ओढली. दोन मिनिटांचं काम.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांचाच फोन. या वेळी आवाज खाली. "साहेब, तो मेसेज बंद झाला काय?"

"हो काका, लगेच बंद केला."

"बरं केलं... त्याला मागे हार्ट अटॅक येऊन गेलाय. सकाळी मोटर चालू झाली, की उठला म्हणायचं. परत चालू करता येईल?"

धाकट्याच्या संमतीशिवाय मला ते करता येत नव्हतं. म्हणून मी धाकट्याला फोन केला. तो ऐकून घेत राहिला. म्हणाला, "करा. आणि त्याच्या मोटरचा मला येऊ द्या."

*

जालन्याकडे कापसाचं काम चालतं. शेतात किडीचे पतंग पकडायचे सापळे असतात. गावातला एक माणूस रोज ते मोजतो आणि मोबाइलवर आकडा भरतो. आकडा वाढला तर गावाला फवारणीचा इशारा जातो. विलास हा तिथला आमचा माणूस, कामाला चोख.

एका सकाळी मॅडमनी मला बोलावलं. नोंद भरली की जागेचा ठिपका नकाशावर उमटतो. विलासचे अकरा दिवसांचे ठिपके परळमध्ये होते.

"जीपीएसला वेड लागलंय," मी हसलो.

मॅडमनी नकाशा मोठा केला. ठिपके आमच्यापासून दोन सिग्नल पुढे, हॉस्पिटलवर. "चल," त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर, ताडपत्रीखाली विलास बायकोबरोबर बसला होता. मांडीवर नऊ वर्षांची मुलगी, डोक्याला रुमाल. आम्हाला बघून तो चटकन उभा राहिला.

"शेजाऱ्याला मोजायला सांगितलं होतं, मॅडम. त्याने दोन दिवस मोजले. मग मीच अंदाजाने भरत गेलो. वाटलं, काम जाईल."

"या आकड्यांवर अख्खं गाव फवारणी ठरवतं, विलास."

"माहिती आहे."

"मी ते पुसणार."

"पुसा."

मग मॅडम खाली बसल्या. "नाव काय गं तुझं?"

"आर्या."

"जेवलीस?"

तिने तोंड फिरवलं. तिची आई म्हणाली, "तीन दिवस पोटात काही ठरत नाही."

ऑफिसात येऊन मॅडमनी सगळ्या नोंदी पुसल्या. हर्षदाने गावात फोन करून खरी मोजणी करून घेतली. पतंग खरोखरच वाढले होते. इशारा वेळेत गेला. मग मॅडमनी विलासला फोन केला. "सापळे आता शेजारी मोजेल, हर्षदा रोज फोनवर आकडा घेईल. तुम्ही रोज नोंद मात्र पाठवायची. मोजलं नाही तर तसंच लिहायचं. काम तुमचंच आहे."

दुसऱ्या दिवशी नोंद आली. आकडा रिकामा. शेऱ्यात लिहिलं होतं: 'परळ. मोजले नाही.' तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी: 'परळ. मोजले नाही. आर्याने आज अर्धी भाकरी खाल्ली.'

प्रत्येक नोंदीखाली दोन बटणं असतात, मंजूर आणि नामंजूर.

"मॅडम," मी म्हटलं, "हे कापसाच्या फाइलमध्ये जाईल."

मॅडमनी चष्मा लावला, पुन्हा एकदा वाचलं आणि 'मंजूर' दाबलं.