नऊशे वॅटच्या घरातलं वेल्डिंग मशीन

सरमिन आपल्या कवड्याच्या पिंजऱ्यात दाणे टाकत होता. मागून बायकोचा आवाज आला, "मी मशीन घेणार आहे."

"घे की," तो मान न वळवता म्हणाला. "एकतीस वर्षं शिवलंस तरी हौस फिटली नाही वाटतं."

"शिलाईचं नव्हे. वेल्डिंगचं. लोखंड जोडायचं."

सरमिनची दाण्यांची मूठ तशीच राहिली. कवडा मान वाकडी करून त्या मुठीकडे बघत बसला.

उंगारान डोंगराच्या पायथ्याच्या त्या वस्तीत सरमिनच्या या बायकोला, विगातीला, सगळे आदराने बू म्हणत आणि शहाणी बाई म्हणून ओळखत. कपड्यांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. कारखान्यात एकतीस वर्षं तिने एकच काम केलं, पँटचा डावा खिसा. उजवा खिसा शेजारची बाई लावायची, पट्टा पुढची, आणि पँट पूर्ण होऊन पेटीत पडायची ती तिसऱ्याच इमारतीत. लाखो खिसे शिवले असतील, पण "ही पँट मी केली" असं म्हणायला एकही पँट नाही. जेवणाच्या सुट्टीत ती अंगणाच्या कडेला बसायची तेव्हा पलीकडे गोदामाच्या छपराच्या लोखंडी कैच्या जोडणारा माणूस दिसायचा. सकाळी जमिनीवर नुसते तुकडे पडलेले असत आणि संध्याकाळी त्यांचं छप्पर उभं राहिलेलं असे. तिला त्याचा हेवा वाटायचा. ते तिने कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

महिन्याच्या भिशीला बातमी फुटली. बायका हसून हसून लोळल्या.

"बू, आता लोखंडाची पँट शिवणार का?"

"नाही गं," विगाती तळलेलं टेंपे, सोयाबीनची वडी, तोंडात टाकत म्हणाली. "तुझ्या तोंडाला कडी बसवणार आहे."

रस्त्याच्या वळणावर कुंचोरोचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, दुकानांचे शटर, सगळं तो करायचा. माणूस कामाचा पक्का आणि जिभेचा तिखट. बू विगाती आली तेव्हा त्याला वाटलं फाटक करायचं असेल.

"मला पहिलं मशीन कुठलं घ्यावं ते सांगा," ती म्हणाली. "घरी, हौसेला."

"हौसेला?" कुंचोरोने काळा चष्मा कपाळावर सरकवला. "बू, हौसेला लोक मासे पाळतात."

"मासे मला आवडतात ते ताटात. सांगणार की नाही?"

"काय जोडणार?"

तिने पिशवीतून कागद काढला. कुंड्यांची मांडणी, दाराशी बाक, कपडे वाळवायचा घोडा.

"पाइपची जाडी किती?"

ते तिला ठाऊक नव्हतं. "मग घरी जा," कुंचोरो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी ती भंगारवाल्याकडून आणलेले सहा तुकडे घेऊन हजर झाली. प्रत्येकाभोवती कापडाची चिठ्ठी शिवलेली आणि तिच्यावर जाडी लिहिलेली. दीड मिलिमीटर, दोन, एकावर तीन. कुंचोरोने चिठ्ठ्या वाचल्या, मग ग्राइंडर बंद केला आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं. त्या दुकानात गिऱ्हाइकाला स्टूल मिळत नसे.

"आता ऐका. खोक्यावर दोनशे अँपिअर, तीनशे अँपिअर लिहिलेलं असतं. तुमच्या या पाइपला त्याचं काय करायचंय? भोकं पाडायचीत? साठ-सत्तर पुष्कळ झाले. घरचं मीटर किती वॅटचं?"

"नऊशे."

"हं. खोक्यावर साडेचारशे वॅट लिहिलेलं मशीन मिळतं. पण तो आकडा बटण अगदी खाली असतानाचा. बटण वर नेलं की तेच मशीन नऊशेच्या वर जातं आणि तुमच्या मीटरचा खटका पाडतं. म्हणजे बारीक रॉड, जोडात वितळणारी कांडी, लावायचा, आणि त्या वेळी घरात दुसरं काही चालू ठेवायचं नाही."

"तारेवर चालणारंही असतं म्हणे. आपोआप तार येते."

"येते. छान असतं. महागही असतं, आणि तारेचं भेंडोळं संपलं की शहरात जा. रॉड कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतो, थोडा गंज असला तरी चालतो, उघड्यावर वारा असला तरी चालतो. पहिलं मशीन रॉडचंच घ्या. आणि एक लक्षात ठेवा. हातात जे पैसे आहेत त्यातून आधी मास्क घ्या, हातमोजे घ्या. जे उरेल त्यात मशीन. लोक उलटं करतात." त्याने आपल्या बारीक झालेल्या लाल डोळ्यांकडे बोट दाखवलं. "हे असं होतं मग."

बाजारातल्या दुकानात को ह्वाट नावाचा साठीचा दुकानदार होता. सरमिनही बरोबर आला होता, कारण त्याला खात्री होती की बायकोला दुकानदार टोपी घालणार. त्याची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे लाल रंगाचं, आकडे चमकणारं मोठं मशीन होतं.

"ते घे," तो कुजबुजला. "घ्यायचंच तर दणकट तरी घे."

विगातीने चार मशीनं खाली उतरवायला लावली. प्रत्येकाची केबल बोटांत धरून दाबली, वाकवली. एकीचं जाड आवरण चिमटीत चेपलं गेलं, आत तांबं कमी आणि रबरच फार. ते मशीन तिने बाजूला सारलं. मग अर्थिंगचा चिमटा उघडून आपल्याच ओढणीला लावला आणि ओढला. कापड सुटलं तसं तेही बाजूला.

"बू, कापड घ्यायला आलात की काय?" को ह्वाट हसला.

"कापडातलंच कळतं मला. आता सांगा, हे बिघडलं तर उघडतो कोण?"

को ह्वाटने सरमिनचं लाडकं लाल मशीन स्वतःच उचलून परत फळीवर ठेवलं. "याचे सुटे भाग मला मिळत नाहीत. हे खालचं करडं दिसायला बावळट आहे, पण माझा भाचा ते दुरुस्त करतो. मागल्या गल्लीतच बसतो."

"इथे लावून दाखवा."

त्याने लावून दाखवलं. पंखा फिरला, एका तुकड्यावर दोन रेघा ओढून झाल्या. तिने करडं मशीन घेतलं, आणि त्याच्याच जवळपास किमतीचा, ठिणगी पडताच आपोआप काळा होणारा मास्क. सरमिन घरी येईपर्यंत पुटपुटत होता, "तोंडाला लावायच्या टोपड्याला इतके पैसे!"

पहिल्या दिवशी तिने रॉड टेकवला आणि खटका पडला. विहिरीचा पंप चालू होता. पंप बंद करून पुन्हा टेकवला, पुन्हा खटका. आता भाताचा कुकर.

"आधी ठरव," सरमिन स्वयंपाकघरातून ओरडला, "भात शिजवायचा की लोखंड!"

शेवटी करार झाला. सकाळी नऊ ते अकरा घरातली वीज विगातीची. त्याआधी भात, पाणी, इस्त्री सगळं उरकलेलं. फ्रिजचीही तार काढायची.

वीज मिळाली तरी लोखंड ऐकेना. रॉड जळूसारखा चिकटून बसायचा. सुटला तर पातळ पाइपला आरपार भोक. तिने जोडायचं सोडलं आणि भंगार पत्र्यावर नुसत्या रेघा मारायला घेतल्या. महिनाभर रोज रेघा. पत्रा दाखवायला गेली तर कुंचोरोने हातोडीने काळी खपली उडवली आणि म्हणाला, "हा जोड नाही बू. ही कोंबडीची शिट आहे."

"ते दिसतंय मला. का झाली ते सांगा."

"हात स्थिर आहे तुमचा, माझ्यापेक्षा बरा. पण भीतीने रॉड लांब धरता. जवळ धरा आणि कान द्या. टेंपे तळताना येतो तसा एकसारखा आवाज आला पाहिजे. फटाके फुटले तर चुकलं."

आवाजाचं तिला पटलं. हळूहळू रेघा सरळ झाल्या, मग दोन पट्ट्या जोडल्या गेल्या, आणि चौथ्या महिन्यात दाराशी बाक उभा राहिला. हिरवा रंग दिलेला. सरमिन पहिल्यांदा बसायचा मान घेऊन चहाचा पेला हातात धरून बसला. एक पाय मोडला आणि तो चहासकट अंगणात आडवा.

"एकतीस वर्षांत तुझा खिसा नाही उसवला," तो पाठ चोळत म्हणाला, "आणि हे काय?"

ती हसली नाही, रडलीही नाही. मोडलेला पाय उचलून उन्हात नेला आणि तुटलेल्या जागी बारकाईने पाहिलं. वरून जोड गुळगुळीत होता, पण आत लोखंड लोखंडाला भेटलंच नव्हतं. नुसतं वर बसलं होतं. त्यानंतर तिने एक नियमच केला. कुठलंही काम करण्याआधी त्याच पाइपचा एक जोड करायचा, घणाने तोडायचा, आणि आत काय झालंय ते बघायचं. स्वतःचं काम स्वतःच्या हाताने फोडून बघायचा धीर सगळ्यांना नसतो. तिला होता.

वस्तीच्या खाली झरा आहे. तिथे उतरायला दगडी बावीस पायऱ्या, बारा महिने शेवाळलेल्या. त्या वर्षी म्बाह ङातिराह ही ऐंशीची म्हातारी तिथे घसरली आणि मनगट मोडून बसली. पुरुषांच्या बैठकीत कठडा करायचं ठरलं, पुढच्या बैठकीत पुन्हा ठरलं, तिसऱ्या बैठकीतही ठरलं. चौथ्या बैठकीला विगाती चहा घेऊन गेली आणि पेले ठेवता ठेवता म्हणाली, "खांब रोवायला सिमेंट तुम्ही कालवा. कठडा मी करते."

कुणीतरी खोकलं. कुंचोरो कोपऱ्यातून म्हणाला, "करू द्या. तपासीन मी."

झऱ्यापाशी वीज नव्हती. म्हणून तिने पायऱ्यांची मापं कागदावर उतरवली आणि कठडा घरीच चार तुकड्यांत करायला घेतला, जागेवर नट-बोल्टने आवळता येईल असा. पाइप जरा जाड होता, छोटं मशीन तापायचं, पिवळा दिवा लागायचा. दिवा लागला की ती रॉड खाली ठेवायची, चहा प्यायची, कवड्याशी दोन शब्द बोलायची आणि दिवा विझला की पुन्हा मास्क. सहा आठवडे लागले. सरमिन आता न सांगता फ्रिजची तार काढायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "नऊ ते अकरा आमच्याकडे काम चालतं."

कुंचोरो तपासायला आला. प्रत्येक जोडावर हातोडी मारली, तुकडे टेकवून त्यावर आपलं सगळं अंग टाकलं. एकेचाळीस जोडांपैकी एकावर त्याने खडूने फुली मारली.

"हा पुन्हा."

तिने तो घासून काढला आणि त्याच्यासमोर पुन्हा केला. तळणाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आला. कुंचोरोने खपली उडवली, अंगठा फिरवला आणि जाताना एवढंच म्हणाला, "माझ्याकडे शाळेच्या जाळीचं काम आलंय. सोमवारी मोकळ्या असाल तर या."

कठडा बसला त्या सकाळी अर्धी वस्ती झऱ्याशी जमली. म्बाह ङातिराह बरा झालेला हात कठड्यावर ठेवून एकेक पायरी उतरली, खाली पाय धुतले, तशीच वर आली. सगळे आता ती काय म्हणते याची वाट बघत होते.

"उंच झालाय," म्हातारी म्हणाली. "तू तुझ्या उंचीने मापलास. मी कुठे एवढी आहे?"

लोक हसले. विगातीने कमरेची टेप काढली, म्हातारीच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि कागदावर लिहून ठेवलं. पुढच्या महिन्यात कठड्याला खाली दुसरी दांडी लागली. म्हाताऱ्या ती धरतात, आणि शाळेतून येणारी पोरं तिच्यावर लोंबकळतात. विगाती वरून ओरडते, पण तुटेल म्हणून नव्हे, पडाल म्हणून.