मटनापाशी कोण बसणार?

आमच्या वरठीच्या घरात बैठकीच्या भिंतीवर नाताळचे वीस फोटो ओळीने लावले आहेत. सगळे एकाच जागी काढलेले: चर्चच्या पायऱ्यांवर, सकाळची उपासना सुटल्यावर. बाबा मध्ये, दादा त्यांच्या उजवीकडे, मी डावीकडे. पुढे वहिनी आली, मग दादाची मुलगी आली. आई फक्त पहिल्या फोटोत आहे. पाहुणे ते फोटो बघतात, कोण किती उंच झालं यावर बोलतात आणि चहा पितात. आई कुठे आहे, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आई मटनापाशी असते. दिवाळीला गल्लीतल्या घरांतून आमच्याकडे फराळ येतो, त्याची परतफेड म्हणून नाताळच्या दुपारी तीच माणसं आमच्याकडे मटन-भात जेवायला येतात. बाबांचा कायदा असा की चर्चमधून येऊन पाय घरात पडला की पानं वाढलेली पाहिजेत. हा कायदा कसा झाला तेही सांगते, कारण त्यात मी आहे. पहिल्या फोटोच्या वर्षी आई आमच्याबरोबर उपासनेला आली होती. परतलो तर चूल थंड, पाहुणे दारात, आणि मी भुकेने भोकाड पसरलं. नऊ वर्षांची घोडी होते, रडायचं काही कारण नव्हतं. बाबा सगळ्यांसमोर आईवर ओरडले. पुढच्या नाताळाला आई म्हणाली, "तुमी जा, मी मटनापाशी बसतो." ती त्या एका वर्षापुरतं म्हणाली असेल. आम्ही ते कायमचं करून टाकलं.

डिसेंबर लागला की आईचा जीव थाऱ्यावर नसतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. करंज्यांचं सारण, चकल्यांची भाजणी, पडदे धुणं. मग मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीवर जायचं आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून घ्यायची. तिथे सगळ्या गावाचे डबे ओळीत असतात आणि दोन-दोन तास नंबर लागत नाही. आई गुडघे धरून पायरीवर बसते. मी तुमसरच्या शाळेत शिकवते, संध्याकाळच्या बसने परत येते आणि जमेल तेवढं ओढते. बाबा चांदणी बनवतात. चार कामट्या, दोन ताव पतंगी कागद, आणि आठवडाभर कौतुक. दादा पुण्याहून तेवीसला येतो, शेकोटीपाशी खुर्ची ओढतो आणि विचारतो, "आई, अनारसे झाले का?" तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

मागच्या नाताळाला मी ठरवलं की यंदा आई चर्चमध्ये बसणार आणि पायरीवरच्या फोटोत उभी राहणार. चोवीसच्या दुपारी करंज्या तळताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "उद्या आई उपासनेला जाईल. मटन मी करीन."

आईच झारा घेऊन माझ्यावर उलटली. "मले कायले नेऊन राहिले? मी गेली तं मटनापाशी कोन बसन?"

"मी बसते म्हटलं ना."

"तुले तर्री जमते का?"

दादा करंजी खात होता. पुण्यात राहून त्याची बोली पार धुऊन निघाली आहे. म्हणाला, "अगं, तिला घरीच बरं वाटतं. गर्दी नको असते तिला. उगाच कशाला ओढतेस?"

"तिने सांगितलं तुला?"

"इतकी वर्षं काही बोलली नाही, म्हणजे तसंच ना?"

मी जे बोलले ते सणाच्या घरात बोलू नये असंच होतं. वहिनी मुलीला घेऊन अंगणात गेली. मी बाबांनाही सोडलं नाही. भिंतीवरचा पहिला फोटो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "बघा, ही कोण आहे ओळखता का?" ते आईकडे न बघता म्हणाले, "जाय मंग उद्या."

सकाळी आईने निळी साडी नेसली. दादाने तीन वर्षांपूर्वी दिलेली, घडी न मोडलेली. फाटकापर्यंत जाऊन ती दोनदा परत आली. एकदा खसखस जास्त भाजू नको म्हणून सांगायला, एकदा जाळ बारीक कर म्हणून. तिसऱ्यांदा वळली तेव्हा मी फाटकाला आतून कडी घातली.

मग घरात मी आणि पातेलं. कांदा भाजला, खोबरं भाजलं, मसाला वाटला. घाम गळत होता, पण मनातून मी खूश होते. चर्चची घंटा ऐकू आली तेव्हा बायकांच्या बाकावर बसलेली आई डोळ्यांसमोर आली आणि मला एकटीलाच हसू आलं. वीस वर्षांचं सगळं आज फिटलं, असं मला वाटत होतं. किती मूर्ख होते मी.

साडेअकराला घरच्या ग्रुपवर दादाने फोटो टाकला. मी पदराला हात पुसून बघितला. चर्चच्या पायऱ्या. बाबा मध्ये, दादा उजवीकडे, वहिनी, पुढे मुलगी. वरच्या कोपऱ्यात एक जाड धूसर बोट आलेलं. ते बोट मी ओळखलं. त्यावर करंज्या तळताना कढईच्या कडेने भाजल्याचा कालचा चट्टा होता.

ती माणसं घरात शिरली तशी मी दादाला धरलं. "आईला फोटो काढायला लावलंस?"

"अगं, गर्दी पांगली होती. काढायला कुणी नव्हतं. तीच म्हणाली, आण इकडं, मी काढून देतो."

"आणि तुम्ही दिलात फोन. चौघं रांगेत उभे राहिलात. एकाच्याही डोक्यात आलं नाही?"

आई सरळ स्वयंपाकघरात गेली होती. झाकण काढून तिने रस्सा हातावर घेतला, चाटला आणि ओरडली, "मस्त झालं वं मटन!" बाबांना ती सुटकाच वाटली. ते हात धुता धुता मला म्हणाले, "मंग जमलं. पुढच्या साली तूच बस मटनापाशी."

मी पळी आपटली. आईला फोन दाखवला आणि म्हटलं, "बघ, काय केलं यांनी." तिने फोन डोळ्यांजवळ नेला. बघता बघता तिचा चेहरा फुलला.

"चांगला आला न?" ती म्हणाली. "पैल्यांदा काढला मी फोटो. सारेच्या सारे आले, पाह्य."

दारात पाहुणे आले होते, मी पानं वाढायला घेतली.

दादाने तो फोटो फ्रेम करून पाठवला आहे. एकविसावा खिळा कधी ठोकतेस, असं बाबा रोज विचारतात. फ्रेम मी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. खिळा मी ठोकणार नाही.