ओढून बघा

काशीराम बुधाजी कोळी, मूळचे उरणकडचे, हल्ली राहणार सुकापूर. धंदा : वाहनांची वायरिंग दुरुस्ती. सदर इसमाच्या गाळ्यात तार दाबायची हत्यारे तीन असून पक्कड एकही नाही. सदर इसमाने बसवलेला जोड आजतागायत निघाल्याचे ऐकिवात नाही. प्रत्येक जोड ग्राहकाच्या हस्ते ओढून तपासण्यात येतो.

यातलं शेवटचं कलम काशीरामांनी वडिलांकडून घेतलं. होडीवर दोरी कोणीही बांधो, तिच्या भरवशावर जो पाण्यात उतरणार, तोच ती ओढून बघायचा. समुद्र सुटला, पनवेलला गाळा झाला, दोरीची तार झाली. कलम तसंच राहिलं. काम संपलं की काशीराम बॉनेटपासून बाजूला होतात आणि म्हणतात, "ओढा." न्यू पनवेलच्या अरुंधतीबाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्या कोथिंबिरीची जुडी उचलावी तशी दोन बोटांनी तार ओढतात, हसतात आणि बोटं पुसतात. तपासणी पूर्ण.

पकडीविषयी काशीरामांचं मत जुनं आणि पक्कं आहे. तारेच्या टोकाला पितळेची थिंबल बसवतात. तिला कानांच्या दोन जोड्या असतात : पुढचे कान उघड्या तांब्याला धरतात, मागचे वरच्या प्लॅस्टिकला. पक्कड दोन्ही चेपते, धरत एकालाही नाही. त्यांचं आवडतं हत्यार दातेरी आहे, दाब पुरा झाल्याशिवाय त्याचा जबडा उघडत नाही. "मानसानं कटाळून मधीच सोडू नये म्हनून हाय तो," असं ते सांगतात. तार बारीक असेल तर थिंबलही बारीक. मोठीत बारीक तार घालून जोरात दाबणाऱ्यांना ते दुकानातून घालवत नाहीत, फक्त त्यांच्याशी बोलणं थांबवतात.

अशा माणसाच्या आयुष्यात अडचण आली ती घरातूनच.

त्यांच्या पत्नी गुणाबाई पनवेलच्या बाजारात मासे विकतात. कारंजाहून माशांच्या पाट्या आणि पाट्यांबरोबर त्या स्वतः येतात तुळशीरामच्या टेम्पोतून. तुळशीराम काशीरामांचा गाववाला. टेम्पो घेण्याआधी त्याचा जन्म जाळं ओढण्यात गेला होता आणि दंड अजून त्याच कामाचे होते. मागच्या दिवाळीनंतर टेम्पोच्या फ्युएल पंपाची तार काशीरामांनीच नवी घातली होती. तर हा टेम्पो रस्त्यात बंद पडायला लागला. खड्डा आला की बंद, धक्का मारला की चालू. गव्हाण फाट्यावर तर सुरमई उन्हात, गुणाबाई सुरमईशेजारी आणि बाजार पनवेलला.

त्या तशाच गाळ्यावर आल्या.

"परत बंद परला तर मी त्या दुसऱ्या टेम्पोवाल्या हृतिककरं पाट्या टाकनार," त्या म्हणाल्या. "मंग लोकांना काय सांगायचा ता तुमी सांगा. कोल्याची बायको, नवऱ्याच्या जोरावर नाय बसत."

"माजा जोर नाय सुटनार," काशीराम म्हणाले. कोळ्यांच्या बोलीत जोडाचाही जोरच होतो.

"जोर नाय सुटला, सुरमई सुटली."

काशीरामांनी टेम्पो आत घेतला. सीट उचललं. थिंबल जागच्या जागी, कानांच्या दोन्ही जोड्या घट्ट, गंजाचा हिरवा ठिपकाही नाही. त्यांनी गुणाबाईंकडे पाहिलं. गुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी तारेवरून बोट फिरवलं आणि थिंबलच्या जरा मागे ते थांबलं. तिथे तार बोंबलासारखी मऊ लागत होती. वरचं प्लॅस्टिक अखंड. सोलून पाहिलं तर आतलं तांबं तुटलेलं. तुटकी टोकं खड्ड्याला लांब होत, धक्क्याला भेटत.

"कोन वढतो ही तार?" काशीरामांनी विचारलं.

"मीच," तुळशीराम म्हणाला. त्याला प्रश्नाचा रोख कळला नव्हता. "रोज सकाली. निघायच्या आदी."

"रोज?"

"तूच बोललास ना दादा, वढ. दोरी काय एकदाच बगतात?"

"कशी वढतोस?"

तुळशीरामने पाय रोवले, दोन्ही हातांनी हवा धरली आणि ती पाठीपर्यंत नेली. गाळ्यातले सगळे बघत होते. गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

काशीरामांनी थिंबलचे कान पुन्हा चाचपले. मग म्हणाले, "जोर नाय सुटला."

"नाय सुटला," गुणाबाई म्हणाल्या. "ता इंजिनाला पन सांगा."

काशीरामांनी नवी तार घातली. तसलीच नवी थिंबल, तेच दातेरी हत्यार, तोच दाब. या वेळी मात्र वर रबरी नळी चढवली, तारेला थोडी ढील ठेवली आणि मागे ती चौकटीला क्लिपने आवळली, म्हणजे कोणाचाही हात बसला तर क्लिपवर बसावा. मग बाजूला होऊन तुळशीरामला म्हणाले, "वढ. एकदा. दोन बोटांनी."

"दोन बोटांनी काय समजनार?"

"अरुंधतीबाईंना समजतं."

तुळशीरामने दोन बोटांनी ओढलं. त्याचं समाधान झालं नाही, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

गाळ्यावरची तपासणीची चाल अजून तशीच आहे. टेम्पोच्या तपासणीचं काम मात्र तुळशीरामकडून काढून ग्राहक या नात्याने गुणाबाईंकडे देण्यात आलं. पाट्या अजून त्याच टेम्पोतून येतात. गुणाबाई तार ओढायला सीट उचलत नाहीत. टेम्पो चालू झाला की त्या बसतात.