काय म्हटलं, काय कळलं

रुक्मिणीच्या दवाखान्यातून पेशंट सहजासहजी सुटायचा नाही. तपासून झालं, चिठ्ठी हातात पडली आणि तो चपला शोधायला लागला, की ही त्याचा दंड धरून त्याला परत स्टुलावर बसवायची. "आता तुमी डॉक्टर अन् मी पेशंट. मला सांगा, कंची गोळी कवा खाऊ?" म्हातारे लाजायचे, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण सांगायच्या. चुकलं तर ती रागवायची नाही. टेबलावर एक दोनशे पानी वही उघडी पडलेली असायची. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे 'काय म्हटलं', उजवीकडे 'काय कळलं'. त्यात चार शब्द खरडायची आणि मग तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायची.

रेणापूरचे लोक याला तिचा चांगुलपणा समजायचे. ती स्वतः मात्र 'माझं संशोधन' म्हणायची, तेही जराही न हसता. एका खोलीचा दवाखाना, वर पत्रे, आणि म्हणे संशोधन! मी तिची वर्गमैत्रीण. लातुरात माझा दुमजली दवाखाना होता, दारात गाडी होती. तरी आयुष्यात मी सगळ्यात जास्त जळले ती त्या वहीवर.

नांदेडच्या मेडिकल कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. माझे वडील तिथले नावाजलेले वकील, घरात इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. रुक्मिणी जळकोटजवळच्या खेड्यातली. सात एकर कोरडवाहू जमीन आणि तीन भाऊ. तोंडी परीक्षेला तिचा घसा सुकायचा. परीक्षक इंग्रजीत विचारत, ती मराठीत विचार करी आणि मध्येच कुठेतरी अडकून पडे. मी घडाघडा बोलायची. पण वॉर्डात गेलो की चित्र उलटं व्हायचं. मी दुखण्याचा इतिहास विचारायला लागले की बायका म्हणायच्या, "ती बारकी डॉक्टरीण कुटं हाय? तिला सांगते की." मी माझं शुद्ध मराठी घेऊन उभी राहायची आणि रुक्मिणी खाटेच्या कडेवर बसून विचारायची, "काय तकलीफ हाय गं माय?" त्या एका प्रश्नावर बाई सासरच्या त्रासापासून पोटाच्या दुखण्यापर्यंत सगळं ओतायची. तेव्हापासून ते माझ्या मनात सलायला लागलं होतं.

भूकंप झाला तेव्हा आमची इंटर्नशिप चालू होती. आम्हाला ट्रकमधून किल्लारीच्या बाजूला नेलं. शेतात तंबू ठोकले होते. गावं कुठे होती तेही दगडमातीच्या ढिगाऱ्यांवरून ओळखावं लागे. माझ्या तंबूपुढची रांग भराभर सरकायची. जखम धुवायची, पट्टी बांधायची, गोळ्या द्यायच्या, पुढचा. आमचे सर येता-जाता माझ्याकडे बघून मान डोलवत. रुक्मिणीची रांग हलतच नव्हती. सरांनी तिला दोनदा टोकलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडची एक बाई चुकून तिच्या रांगेत शिरली. पायाची जखम चिघळली होती, अंगात ताप होता. पट्टी मीच बांधली होती, औषधही मीच दिलं होतं. रुक्मिणीनं विचारलं, "गोळ्या खाल्ल्या का?"

बाईनं पदराची गाठ सोडली. कॅप्सूलची पाकिटं जशीच्या तशी निघाली. ती म्हणाली, "त्या बाई म्हणाल्या, जेवल्यावर घ्या. मी जेवलेच न्हाई, बाई. कुणासंगं जेवू?"

तिच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं.

रुक्मिणी उठली. मागच्या स्वयंपाकाच्या तंबूतून भाकरी आणि पिठलं घेऊन आली. मातीतच मांडी घालून बसली आणि म्हणाली, "चल, आपण दोघी खाऊ. मलाबी भूक लागली." रांग तशीच उभी राहिली. बाईनं चार घास खाल्ले, मग कॅप्सूल घेतली. मी हे शेजारच्या तंबूतून बघत होते. माझं कौतुक करणारे सरही बघत होते. रुक्मिणी मला एका शब्दानं बोलली नाही. रात्री तिच्या पिशवीत वही दिसली म्हणून उघडली. पहिल्याच पानावर डावीकडे लिहिलं होतं, 'जेवणानंतर.' उजवीकडे, 'जेवण झालं नाही, म्हणून नाही.' माझं नाव नव्हतं. असतं तर निदान भांडता आलं असतं.

पुढे मी लातूरला आले, ती रेणापूरला गेली. भूकंपानंतरच्या काही वर्षांत लातूर ओळखू येईना. जिकडेतिकडे क्लासेसच्या पाट्या, निकालाची पोस्टरं, घराघरांवर वाढवलेले मजले आणि त्यात दाटीवाटीनं राहणारी मुलं. बिलोली, देगलूर, पार विदर्भातून आईबाप पोरांना आणून सोडत. पोरांची डोकी दुखत, पोटं बिघडत, झोप उडे. माझा दवाखाना नेमका त्या गल्लीच्या तोंडाशी होता, तो भरून वाहायला लागला.

तेव्हा मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाला कायमची डॉक्टर हवी होती. तिथल्या अधीक्षक बाईंनी मला आणि रुक्मिणीला, दोघींना विचारलं. रुक्मिणी आठवड्यातून तीन दिवस रेणापूरहून यायला तयार होती. बाई माझ्याकडे चौकशीला आल्या. "त्या कशा आहेत हो? तुमच्या बरोबरच्या ना?"

मी हसले आणि म्हणाले, "चांगली आहे बिचारी. फक्त काय सांगितलं ते तिला स्वतःलाच आठवत नाही. म्हणून पेशंटकडून वदवून घेते."

एवढंच. ठरवून बोलले नव्हते; जिभेवर आलं आणि सुटलं. पण परत घेतलंही नाही. काम मला मिळालं. महिन्याभरात तो विनोद गावभर झाला. डॉक्टरांच्या एका जेवणात कुणीतरी तो रुक्मिणीच्या तोंडावरच ऐकवला. ती मोठ्यांदा हसली. "खरंच हाय ते. डोकं कमजोर हाय माझं, म्हणून तर वही ठेवते." मी ताटातलं वरण कालवत बसले.

वसतिगृहात बिलोलीकडची एक मुलगी होती. हुशार, बारावीचं वर्ष. तिला फिट यायच्या. मी तपासण्या केल्या, गोळी सुरू केली, नीट सांगितलं. निदान मला तसं वाटलं. तिनं मान हलवली. पुढच्या वेळेला आली तेव्हाही "गोळी चालू आहे ना?" म्हटल्यावर मान हलवली. मग एका दुपारी ती रेणापूर नाक्यावर बसची वाट बघत असताना खाली कोसळली. डोकं दगडावर आपटलं. रुक्मिणी त्याच वेळी लातूरहून परत निघाली होती. तिनं मुलीला कुशीवर वळवलं, रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं आणि शुद्धीवर येईपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट संपल्यावर, ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही बोलणार.

ती म्हणाली, "पोरगी बरी हाय. चार टाके पडले. सुनंदा, तू तिला काय म्हणाली होतीस? शब्द आठवतात का?"

"रोज रात्री एक. गुंगी आली तर बघू."

"तिनं ऐकलं, गुंगी आली तर बंद. वर्गात डुलक्या येऊन राहिल्या होत्या तिला. परीक्षा तोंडावर. पोरीनं गोळी फक्त रविवारी घ्यायचं ठरवलं, क्लास नसतो म्हणून."

"पण तिनं मला सांगायला नको? मी दर वेळी विचारलं होतं!"

"तू विचारलंस, चालू हाय ना. त्याला हाव म्हणण्याबिगर ती काय म्हणंल?" मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मान हलवली म्हणजी कळलं, असं न्हाई गं. लिही. तुझ्याच हातानं लिही."

मी लिहिलं. डावीकडे माझं वाक्य, उजवीकडे त्या मुलीचं. अक्षर वाकडं आलं. रुक्मिणीनं वही मिटली आणि लगेच विचारलं, "माझा धरून लातूर-रेणापूरचे पाच दवाखाने घेऊन मला हेच नीट तपासायचं हाय. तुझा दवाखाना देशील?" त्या क्षणी तिनं माझी गाडी मागितली असती तरी दिली असती.

पुढचं वर्षभर ती मोपेडवरून हिंडली. पाचही दवाखान्यांच्या दारात उभी राहून बाहेर पडणाऱ्यांना विचारायची आणि आठ दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा विचारायची. माझ्या दारात ती उभी असली की मी आत हळू बोलायची, दोनदा सांगायची, पेशंटकडून म्हणवून घ्यायची. तिला मागे टाकायचं होतं मला. पेशंटचं भलं मला त्यानंतर आठवायचं.

नांदेडला डॉक्टरांच्या संमेलनात तिनं त्या अभ्यासाचा निबंध वाचला. तेच नांदेड, समोर आमचेच जुने सर. दवाखान्यांना नावं नव्हती, अक्षरं होती. दारात विचारल्यावर बरोबर सांगणाऱ्यांत 'ग' नावाचा दवाखाना सगळ्यांच्या पुढे. आठ दिवसांनी घरी विचारल्यावर तोच 'ग' सगळ्यांत खाली. वदवून घेण्याचा आटापिटा मीच केला होता. हा 'ग' मीच.

मागून कुणीतरी ओरडलं, "हा 'ग' कोण?"

"ग म्हंजी मी," रुक्मिणी म्हणाली. "इतकी वर्सं मला वाटायचं, त्येंनी माझ्यापुढं बरोबर म्हणून दाखवलं म्हंजी झालं. पण मी त्येंच्याकडनं घोकून घेतलं. लातुरात क्लासमधी घेतात ना, तसं. दाराबाहेर गेले, परीक्षा संपली. आता मी येगळं विचारते. घरी गोळी कुटं ठेवणार? कामावर गेल्यावर काय करणार? आठवण कोण देणार? हे मला आधीच सुचायला पायजे होतं."

तोंडी परीक्षेत घसा सुकणारी हीच मुलगी. आपली हयातभराची पद्धत अपुरी निघाली, हे तिनं भरल्या सभेत सांगितलं, आणि सर सगळ्यांच्या आधी उठून उभे राहिले. माझं अक्षर तिनं मला नंतर सांगितलं; माझा दवाखाना मधोमध आला होता, म्हणजे मी तिला मागे टाकलं होतं. परतीच्या प्रवासात मी खिडकीकडे तोंड करून बसले. जिंकल्यावर इतकं जळता येतं, हे मला त्या दिवशी समजलं. ती शेजारी डबा उघडून बसली होती. "दशमी खा गं. सकाळपासून काही खाल्लं न्हाईस तू."

दोन वर्षांपूर्वी तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. फार वेळ हातात नव्हता, तिला आणि मला दोघींनाही ते रिपोर्ट बघताच कळलं. मी रोज दुपारी रेणापूरला जायची. तिचे यजमान, शाळेत मास्तर होते ते, आम्हाला दोघींना सोडून बाहेर ओट्यावर बसत. एकदा माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, "रुक्मिणी, तो विनोद माझा होता. तुला आठवत नाही म्हणून तू वदवून घेतेस, तो. वसतिगृहाचं काम तुला मिळू नये म्हणून केला होता."

तिनं डोळे उघडले. "ठाऊक हाय. अधीक्षक बाईनं तवाच सांगितलं मला."

"तेव्हाच? मग त्या जेवणात हसलीस कशी? मला काही बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू दार लावलं असतंस." तिला दम लागला. "मला तुझे पेशंट पायजे होते, सुनंदा. अभ्यासाला. इतके पेशंट गावात दुसऱ्या कुणाकडं होते?"

मी क्षमा मागायला गेले होते. क्षमा केली की नाही तेही तिनं सांगितलं नाही. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि झोपली. माझा मत्सर, माझा तो डाव, मला इतकी वर्षं छळणारी गोष्ट तिनं बाजूला सारून ठेवली होती, कारण तिला त्याहून महत्त्वाचं काम होतं. मला रडू आलं. आणि त्या रडण्यातही ती जुनी जळजळ होतीच. असं काही हवं असणं, की त्यापुढे अपमानही लागू नये, हे माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

आठ दिवसांनी ती गेली.

मास्तरांनी मला विनंती केली की दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत आठवड्यातून दोन दिवस तिचा दवाखाना बघावा. पहिल्या दिवशी मी जाऊन तिच्या खुर्चीवर बसले. एक म्हातारे शेतकरी दारात आले, धोतराचा सोगा सावरत आत डोकावले.

"बाई न्हाईत?"

"नाहीत, आजोबा. तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं की. माती द्यायला आलो होतो मी."

"मग या ना, तपासते. काय होतंय?"

"मला काय बी होत न्हाई," ते म्हणाले. "बाजाराच्या दिशी येत होतो हितं. तुमी करा तुमचं काम, मी बसतो जरा."

आणि ते बाहेरच्या बाकड्यावर, टोपी मांडीवर ठेवून बसले. मी एकेक पेशंट बघत होते आणि दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. दुपार कलली, बाजार उठला, तरी ते हलले नाहीत. माझ्या लातूरच्या दवाखान्यासमोर माझ्यासाठी असं कुणी येऊन बसेल का, ते मी मनात शोधत होते. एकही चेहरा सापडला नाही. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.