जमलं तर कुलूप

एंटर दाबण्याआधी सुभेदार खुर्चीत ताठ बसत. सैन्यात सिग्नलमध्ये, संदेश पाठवण्याच्या दलात, नोकरी झालेली. निवृत्तीनंतर आमच्या दैनिकाच्या सातारा कार्यालयातून बातम्यांचे ईमेल सांगलीच्या मुख्य कार्यालयाला पाठवणे हे त्यांचे काम होते. नव्वदचे दशक संपत आले होते.

काळ्या पडद्यावर कमांड टाइप करावी लागे. त्यात दोन पर्याय होते. एकात सांगलीचे यंत्र तयार असेल तर मजकूर सांकेतिक होऊन जाई, नसेल तर उघडा. दुसऱ्यात सांकेतिक होत नसेल तर मजकूर जातच नसे. सुभेदार कायम दुसरा निवडत. "जमलं तर कुलूप, म्हंजे कुलूपच न्हाई," असे ते म्हणत.

"सुभेदार, ही काय सरहद्द हाय का?" छायाचित्रकार विचारी.

"सरहद्द परवडली, गड्या. तिथं शत्रूला आपली नावं ठावं नसत्यात. हितं समदे पावणे."

एका खासगी रुग्णालयात वापरलेल्या सुया पुन्हा वापरतात, असे तिथल्या परिचारिकेने कार्यालयात येऊन सांगितले. नाव द्यायला ती कचरत होती. सुभेदार म्हणाले, "बाई, हितनं तुमचं नाव उघडं जाणार न्हाई." तिने नाव दिले. आम्हाला इंटरनेट पुरवणारा रुग्णालयाच्या अध्यक्षाचा जावई होता; आमचा प्रत्येक ईमेल त्याच्याच यंत्रातून जाई.

त्या संध्याकाळी ईमेल जाईना. सांगलीत यंत्र बदलले होते आणि नव्याला कुलूप समजत नव्हते. संपादकांचा फोन आला.

"सुभेदार, पर्याय बदला. पान थांबलंय."

"नाव हाय त्यात, साहेब."

"मग नाव फोनवर सांगा. नावाशिवाय मी छापणार नाही."

"फोन तर त्याहून उघडा. मीच येतो."

मजकुराची फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून ते एसटीत बसले. इस्लामपूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. सांगलीत पोचले तेव्हा अंक छापून झाला होता. सकाळी ती बातमी दुसऱ्या दैनिकात होती, कुणाच्याही नावाशिवाय.

महिनाअखेरीस सुभेदारांना कमी करण्यात आले. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची आत सरकवली आणि आष्ट्याला, गावी निघून गेले. पुढे काही वर्षांनी ते वारल्याचे कळले.

त्यांच्या जागी आलेल्याने पहिल्याच दिवशी पर्याय बदलला. बातम्या वेळेवर जाऊ लागल्या.

परिचारिकेची नोकरी टिकली होती. काही महिन्यांनी तिचा फोन आला. आणखी काही सांगायचे आहे, म्हणाली. "सुभेदार हायत का?" तिने विचारले.

ते आता इथे नसतात, असे मी सांगितले.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.