मालनबाई, खापर आणि पांढऱ्या गाडीची डिकी

शामसुंदरने मालनबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हवेत होत्या. जमिनीपासून नेमक्या किती वर, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही. शामसुंदरचे वडील पुरुषभर म्हणतात. शामसुंदर सांगतो की म्हसरूळच्या आभाळातून निवांत चाललेली एक घार त्यांना वाट देण्यासाठी वळली. त्या टेम्पोच्या फाळक्यावरून निघाल्या होत्या आणि टेम्पोवाल्या केरूच्या छातीवर उतरल्या. त्या दणक्याने गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली, समोरच्या घरातला पाळणा आपोआप हलायला लागला आणि केरूच्या तोंडातला गुटखा थेट शामसुंदरच्या नव्या बुटांवर आला. मुलगी बघायला म्हणून बापलेक नुकतेच रिक्षातून उतरले होते.

केरूचा एक कान मालनबाईंच्या डाव्या मुठीत होता. उजव्या हाताने त्या त्याच्या अंगावर जिथं मोकळी जागा दिसेल तिथं हाणत होत्या. दारात पाहुणे दिसताच त्यांनी हाणायचा हात क्षणभर थांबवला आणि त्याच हाताने पदर डोक्यावर घेतला. कान मात्र सोडला नाही.

"या, या पाव्हनं. पूजा, पानी आन गं! बसा तुम्ही, यवढं उरकते आन आलेच."

परतताना वडील म्हणाले, "मुलगी चांगली आहे. घरही चांगलं आहे. तू फक्त आधी विमा उतरवून घे."

केरूचा गुन्हा असा, की त्याने गतिरोधकावरून टेम्पो उडवला आणि मागे ठेवलेलं खापर तडकलं. मालनबाई मांडे करायच्या. सटाण्याकडून लग्न होऊन नाशिकला आल्या तेव्हा कुंकवाच्या करंड्यासोबत हीच विद्या घेऊन आल्या, आणि नवरा गेल्यावर तिच्यावरच त्यांनी पूजाला वाढवलं. मांडा तव्यावर होत नाही. चुलीवर मोठं मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत धोतरासारखा पातळ करायचा आणि त्या तापलेल्या फुगवट्यावर फेकायचा. बघणाऱ्याला ती पाककृती वाटतच नसे. कणीक अशी आपटली जाई की शेजारची भिंत पोपडे सोडायची. चुलीत लाकडं ढोसली जात ती वैऱ्याच्या पोटात भाला ढोसावा तशी. आणि या सगळ्या मारामारीतून बाहेर पडायचा तो इतका मऊ मांडा, की दात नसलेली म्हातारीसुद्धा दुसरा मागायची.

सगळी मदार खापरावर. नवं खापर मांडा सोडत नाही, धरून ठेवतं. एकदोन हंगाम चुलीवर तावून-सुलाखून निघालं की मगच ते कामाला येतं. म्हणून मालनबाई माणसांना हाणत, खापराला मात्र तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेत.

जावयाला हात लावायचा नसतो, हे त्या कसोशीने पाळत. त्यामुळे त्या शामसुंदरला कोपराने ढोसत.

"जावाईबापू, जरा सरकता का?" एवढं आदराने म्हणेपर्यंत कोपर बरगडीत रुतलेलं असे. लग्नानंतर शामसुंदरची डावी कूस कायमची जांभळट झाली. ऑफिसातले लोक पूजाकडे संशयाने बघायचे. ती बिचारी म्हणायची, "मी नाही हो, आईने. तिला हे आवडतात, म्हणून."

पण टेम्पोवाले मालनबाईंना आवडत नसत, आणि ते त्यांना पुरत नसत. केरूनंतर बुधा झाला, बुधानंतर आणखी कोण कोण झाले. प्रत्येकाने खड्ड्यात एकेक खापर घालवलं आणि प्रत्येकाने आपल्या अंगावर त्याची पावती घेतली. शेवटी नाशिकच्या टेम्पो स्टँडवर मालनबाई दिसल्या की चालक गाड्या सोडून चहाच्या टपरीमागे लपू लागले. खापर एकच उरलं.

नेमका तेव्हा लासलगावच्या यादवशेठचा निरोप आला. शेठ कांद्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला मालनबाईंचं खापर विंचूरच्या अलीकडे फुटलं होतं आणि पंगत मांड्यांवाचून उठली होती. आता लग्न होतं. शेठ फोनवर म्हणाले, "मालनबाई, खापर धड आलं तर या. नायतर पुन्हा माझ्या दारात येऊ नका." लासलगावात यादवशेठनी नाकारलं की पुढची सगळी गावं नाकारणार, हे मालनबाईंना कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाराला लाथ घातली आणि जाहीर केलं, "गाडी घ्यायची. आपली. चालवायला जावाईबापू."

शामसुंदरच्या मनात बऱ्याच दिवसांपासून एक छोटी, टपावर काच असलेली गाडी होती. पूजाला अशी हवी होती, की जी पार्किंगमध्ये मावेल आणि खड्ड्यात बसणार नाही. मालनबाईंना खापर मावेल अशी डिकी हवी होती. शामसुंदर म्हणाला, "आई, आपण टेपने माप घेऊन जाऊ."

"टेपला काय कळतंय फुगवटा?" त्या म्हणाल्या, आणि शेवटचं उरलेलं खापर गोधडीत गुंडाळून रिक्षात बसल्या. चूक ती तिथंच झाली. पण कोपराच्या टप्प्यात बसलेल्या शामसुंदरला हे सांगणं जमलं नाही.

मुंबई-आग्रा हायवेवरच्या त्या शोरूममध्ये यशोधन नावाचा टाय लावलेला विक्रेता पुढे आला. "मावशी, ही बघा क्रॉसओव्हर. गाडीसारखी चालते, जीपसारखी उंच. बूट स्पेस, म्हणजे डिकी, साडेतीनशे लिटर."

"लिटर?" मालनबाई म्हणाल्या. "दूध ओतायचं हाय का तिच्यात?"

"तसं नाही, मावशी, माप असतं ते..."

"आपलं माप हे हाय." त्यांनी गोधडी सोडली. मग त्यांनी यशोधनला टायने धरलं आणि एकेका गाडीच्या मागे नेलं. पहिल्या गाडीचं छत मागे उतरतं होतं. खापर काचेला टेकलं. मालनबाईंनी दार आपटलं, यशोधनची बोटं थोडक्यात वाचली. दुसरीत खापर शिरलं, पण तिरकं. "तिरकं ठिवलं की तडकतंय. दुसरी दाव." तिसरीचा उंबरा इतका उंच, की खापर उचलून टाकावं लागलं असतं. त्या उंबऱ्याला त्यांनी लाथ मारली. यशोधन आता टायबरोबर आपोआप चालू लागला होता.

कोपऱ्यात एक पांढरी गाडी होती. मागची सीट पाडली, खापर आत ठेवलं, आणि ते पालथं, सपाट, चारी बाजूंनी बोटभर मोकळं असं बसलं. मालनबाईंनी खापरावर हात फिरवला. चार वर्षांत शामसुंदरने त्यांना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"जावाईबापू, हीच. लासलगावला जाती बघा आता नीट."

"ही माझी हाय." मागून आवाज आला. तो होता धोंडीराम, पिंपळगावचा द्राक्षबागायतदार, अंगाने ट्रॅक्टरएवढा. "कालच सांगून ठिवलीय म्या. आन हे मडकं कोनाचं?"

यशोधनने दोघांनाही हो म्हटलं होतं. तो कबूल करायच्या बेतात होता, तेवढ्यात धोंडीरामने बूट उचलला आणि टाचेने खापर बाहेरच्या बाजूला ढकललं.

"पाय काढा," शामसुंदर म्हणाला. आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसाला त्याने पहिल्यांदाच काही सांगितलं होतं. उत्तर म्हणून थोबाडीत बसली. त्याचा चष्मा उडून रिसेप्शनवरच्या फुलदाणीत पडला.

मग काय झालं ते सांगायला शोरूममधलं कुणी जागेवर उरलं नाही. मालनबाईंनी खापर उचलून एका हाताने छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने धोंडीरामच्या मिशा. मग मिशा सोडून गाडीच्या डिलिव्हरीच्या पूजेसाठी ठेवलेला नारळ त्यांनी त्याच्या पोटात घातला. धोंडीरामने त्यांना ढकललं, त्या गाडीच्या दारावर आदळल्या, दाराला पोचा आला. खापराला धक्का लागला नाही. त्यांनी आपली पाठ मध्ये घातली होती. शामसुंदर खाली पडला होता. त्याला जवळच धोंडीरामची पोटरी दिसली आणि त्याने ती चावली. पंधरा वर्षं फाइली हाताळणाऱ्या माणसाच्या जबड्यात एवढी ताकद असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. धोंडीराम ओरडला तो हायवेच्या पलीकडे ऐकू गेला. रक्त पांढऱ्या बंपरवर उडालं.

इथपर्यंत ती मारामारी होती. मग धोंडीरामने डिकीतला चाकाचा पाना ओढून काढला.

तो पाना त्याने शामसुंदरच्या डोक्यावर उगारला, आणि पोटरी काही सुटेना, आणि त्याच्या डोळ्यांत आता भांडण नव्हतं, नुसता राग होता. यशोधन भिंतीला चिकटला. मालनबाईंच्या हातात खापर सोडून काही नव्हतं. त्यांनी जावयाकडे बघितलं. खापराकडे बघितलं नाही. दोन्ही हातांनी ते डोक्यावर नेलं आणि धोंडीरामच्या टाळक्यात घातलं.

पाना शामसुंदरच्या खांद्यावर पडला, हाड मोडलं. डोकं वाचलं. धोंडीराम गुडघ्यांवर बसला आणि कपाळावरून ओघळणारं रक्त आश्चर्याने बघत राहिला.

"माझ्या जावयाला हात लावतो!" मालनबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. मग त्या फरशीवर बसल्या, पदराने शामसुंदरचं तोंड पुसू लागल्या आणि रागवत राहिल्या. "आन तुम्ही! दात लावून चावतंय का कोनी? कुत्रं हाय का तुम्ही, जावाईबापू? आं?"

"आई," शामसुंदर म्हणाला, "खापर..."

"गप बसा."

त्यांच्या भोवती काळ्या मातीचे तुकडे पसरले होते. त्यांनी एकालाही हात लावला नाही. नंतर शोरूमच्या झाडूवालीने ते भरून नेले.

पोलिसांनी दोन्ही बाजूंना समजावलं आणि तक्रारी लिहून घेतल्या नाहीत. शामसुंदरचा हात दीड महिना गळ्यात होता. पांढरी गाडी, पोचा काढून, धोंडीरामनेच नेली. यादवशेठच्या मुलीच्या लग्नात श्रीखंड-पुरी होती.